तान्हे बाळ घरात, झोप कोणाच्या वाट्याला?

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर महिलांची बैठक होती. दीड महिन्याच्या डोसबद्दल आम्ही सांगत होतो. मागच्या भिंतीला टेकून एक सून बसली होती, मांडीवर सव्वीस दिवसांचे बाळ. बोलता बोलता दिसले की तिची मान छातीवर आली आहे, हात सैल पडले आहेत आणि बाळ मांडीवरून सतरंजीकडे घसरते आहे. शेजारच्या मावशींनी त्याला वरच्यावर धरले. दोन-चार बायका हसल्या. "काय गं, रात्रभर करतेस काय?" असेही कोणीतरी बोलले. ती दचकून जागी झाली, बाळासाठी मांडी चाचपली, ते मावशींकडे दिसले आणि तिला रडूच कोसळले.

बैठक संपल्यावर तिला बाजूला घेऊन विचारले, सलग दोन तास कधी झोपली होतीस? तिने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. म्हणाली, "ताई, दवाखान्यातून आल्यापासून नाही."

म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर झोपेचा विषय घेतला आहे. आम्ही म्हणजे वस्तीतल्या बाळंतिणींच्या घरी जाणाऱ्या पाच-सहा जणी. एकीने नर्सिंगची पदविका घेऊन पंधरा वर्षे वॉर्डात काढली, एक आशाताई आहे, बाकीच्या घरकाम, शिवणकाम सांभाळून येतात. बाळंतिणीला काय खायला घालावे यावर घराघरात दहा मते असतात. तिने झोपावे कधी यावर मात कोणी बोलत नाही.

बाळ असे का झोपते

नवे बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते. हे ऐकले की बायका म्हणतात, मग आमचेच का जागे असते? ते जागे नसते, तुकड्यातुकड्याने झोपते. दोन तास, तीन तास, कधी पाऊण तास. त्याचे पोट लहान, आईचे दूध पचायला हलके, त्यामुळे दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा त्याला पाजावे लागते. रात्र म्हणजे काय हे त्याला अजून माहीत नाही. पोटात असताना आई दिवसभर हिंडती-फिरती असायची तेव्हा त्याला झोके मिळायचे, आणि ती आडवी झाली की त्याची हालचाल सुरू. सातव्या-आठव्या महिन्यात रात्री लाथा मोजत पडलेल्या प्रत्येकीला हे आठवत असेल. दिवस-रात्रीचे शरीरातले घड्याळ बसायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर बाळ "रात्रीचे उलटे झाले" म्हणून उतारा टाकण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घेतली तर बऱ्याच घरांची झोप वाचेल. बाळाची निम्मी झोप हलकी असते. त्या झोपेत ते तोंड वेडेवाकडे करते, हसते, हुंदका देते, कण्हते, हातपाय झटकते, अर्धवट डोळेही उघडते. आपल्या आज्या म्हणायच्या, सटवाई हसवते, सटवाई रडवते. सटवाईला आपण निरोप दिला, पण ती हलकी झोप काही तिच्याबरोबर गेली नाही. बाळ कण्हले की आई उठते, दिवा लावते, उचलते, आणि जे बाळ मिनिटभरात पुन्हा गाढ झोपणार होते ते खरोखर जागे होते. आमचे सांगणे असे की हालचाल झाली तर हात छातीवर ठेवा आणि पन्नासपर्यंत मोजा. ओठ चाटू लागले, तोंड उघडून इकडेतिकडे शोधू लागले, मूठ तोंडात घालू लागले तर ती भूक आहे, तेव्हा मात्र रडण्याची वाट न पाहता पाजा. खूप रडलेले बाळ छातीला नीट लागत नाही आणि सगळ्यांचाच अर्धा तास जातो.

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळचे रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सर्वात जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. पोट भरलेले, ताप नाही, वजन वाढते आहे, तरी दिवेलागणीला तास-दोन तास किंचाळते. यात आईच्या दुधाचा दोष नसतो. पण नेमक्या याच दिवसांत "दूध पुरत नाही वाटतं" म्हणून वरची बाटली घरात येते. दूध पुरते की नाही ते शू सांगते: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू, आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन भरून निघालेले असणे. एवढे असेल तर दूध पुरते आहे.

रात्रीचे पाजणे बंद करून झोप मिळवायची असे काहीजणी ठरवतात. दूध तयार करणारे संप्रेरक रात्री जास्त असते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचे पाजणे तोडले तर दूधच कमी होऊ लागते. झोप मिळवायची ती दुसरीकडून, ती कुठून ते पुढे येते.

"लई गुणी बाळ, रडतच नाही"

हे वाक्य कानावर पडले की आम्ही बाळाचे कपडे काढून बघतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका घरी पाचव्या दिवशी गेलो तर सगळे खुशीत. पहिलटकरीण सहा-सहा तास झोपली होती आणि बाळही. नाव ठेवायच्या आधीच त्याला "शांत" म्हणू लागले होते. उजेडात दारापाशी नेऊन पाहिले तर पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला होता. तळव्यावर टिचकी मारली तरी जेमतेम कुरकुरले. पाजायला घेतले तर दोन घोट आणि पुन्हा डोळे मिटले. तासाभरात त्याला जिल्हा रुग्णालयात नेले, निळ्या दिव्याखाली ठेवले, ते बाळ आता तिसरीत आहे. आणखी एक रात्र "गुणी" राहिले असते तर काय झाले असते ते आम्हाला लिहायचे नाही.

कावीळ झालेले, कमी वजनाचे, दिवसाआधी जन्मलेले बाळ भुकेलेले असूनही झोपून राहते. रडायला ताकद लागते, ती त्याच्यात नसते. म्हणून जन्माचे वजन अडीच किलोच्या खाली असेल, किंवा जन्माचे वजन अजून भरून निघाले नसेल, तर दर दोन-तीन तासांनी बाळाला उठवून पाजायचेच, मग ते कितीही गोड झोपलेले असो. लंगोट बदला, अंगावरचे पांघरूण काढा, तळवे चोळा, छातीला कातडीला कातडी लावून धरा. कमी वजनाच्या बाळाला असे छातीशी बांधून धरणे हे औषधच आहे आणि ते बापालाही देता येते, आजीलाही.

बाळ अजिबात ओढत नाही, अंग गरम किंवा गार लागते, श्वास मिनिटाला साठपेक्षा जास्त, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे, उठवूनही उठत नाही, यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी मिळेल ती घ्या. बाळाला छातीशी धरून न्या, वाटेत थंडी लागू देऊ नका.

आशाताईच्या घरभेटी याचसाठी आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने घरी यायचे असते. ही पद्धत गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने घालून दाखवली, मग देशभर आली. आशाताई आली की "सगळं बरंय" म्हणून दारातून परत पाठवू नका. वजन करायला लावा, आणि स्वतः किती झोपता तेही तिला सांगा.

झोपवण्याची औषधे

मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी आपल्या आज्या-पणज्या कामाला जायच्या तेव्हा तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन जायच्या. तिला बाळगोळी म्हणत. त्या बायका निर्दय नव्हत्या. पाळी चुकली की पगार गेला, मूल बघायला कोणी नाही, मग मूल दिवसभर निजून राहिलेले बरे. काही मुले निजून राहिली ती उठलीच नाहीत.

आज अफू नाही, पण त्या गोळीची भावंडे आहेत. जायफळ उगाळून. गुटीत जरा जास्त वेखंड. खोकल्याचे गुंगी आणणारे औषध, "अर्धाच चमचा". ब्रँडीचा थेंब, हेही आम्ही पाहिले आहे. सहाणेवर जायफळाचे वळसे किती झाले याला माप नसते, आणि तीन किलोच्या जीवाला किती म्हणजे जास्त हे सांगणारे कोणी नसते. गुंगीत बाळ कमी पिते, श्वास मंदावतो. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीही नाही, मध नाही, गुटी नाही. मधातून येणारा एक जंतू वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पाडू शकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब तेवढे अपवाद. आजीला हे सांगताना भांडण होते, आम्हाला माहीत आहे. आम्ही आजीला म्हणतो, गुटी तुमच्या हातून बाळाला मिळावी असे वाटते ना, मग मालिश तुमच्या हातून होऊ द्या, हलक्या हाताने. बहुतेक आज्या मानतात.

बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी आणि धुरी यांचेही इथेच सांगतो. बंद खोलीत कोळसा धुमसला की जो वायू होतो त्याला वास नसतो, रंग नसतो, त्याने सगळे घर झोपते आणि उठत नाही. धूर बाळाच्या छातीला वाईट, तो ओव्याचा असो की उदाचा.

कुठे, कसे झोपवायचे

पाठीवर. दिवसा, रात्री, प्रत्येक वेळी. पालथे नाही, कुशीवरही नाही. गादी कडक, उशी नाही. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. डोक्याचा आकार बाळ जागे असताना आपल्या नजरेसमोर थोडे पालथे ठेवल्याने आणि कडेवर घेतल्याने आपोआप सुधारतो. तोंडापर्यंत गोधडी नको, शेजारी कापसाचा बाहुला नको. बाळोत्यात गुंडाळायचे तर छातीशी सैल आणि पाय मांडीत मोकळे हलतील असे. मान घामाने ओली लागली तर एक कपडा कमी करा. मच्छरदाणी चांगलीच.

साडीच्या झोळीबद्दल नेहमी विचारतात. झोळीत बाळ पटकन झोपते हे खरे. पण तिचे पोट खोल असले तर हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्याशा श्वासनळीची वाट अरुंद होते. डोळ्यासमोर, जागेपणी, थोडा वेळ झोळी वापरली तर वेगळे. झोळीत टाकून नळावर जाणे नको, आणि झोका द्यायला चार वर्षांच्या भावाला बसवणे तर मुळीच नको.

डॉक्टर सांगतात की बाळाची गादी आईच्या खोलीत पण वेगळी असावी. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे वेगळी गादी कशी असावी हे त्यांना कोणी विचारत नाही. जमिनीवर चटई आणि घट्ट सतरंजी घालून आईच्या अंथरुणाला लागून बाळाची छोटी जागा करता येते, भिंतीकडे नाही आणि दोन मोठ्यांच्या मध्ये नाही. आई बाळाला कुशीत घेऊन पाजताना झोपली तर जमिनीवरच्या कडक अंथरुणावर झोपणे त्यातल्या त्यात बरे. बसून, भिंतीला टेकून, खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळ घेऊन डुलकी लागणे हे सर्वात धोक्याचे. विहारात जे होता होता राहिले ते तेच होते.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. दारू प्यालेल्या माणसाने बाळाच्या अंथरुणावर झोपायचे नाही. तो बाप असला तरी नाही. नशेत अंगाखाली काय आले ते कळत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यानेही नाही, आणि ती खोलीत ओढायचीच नाही. झोपेची किंवा गुंगीची गोळी घेतलेल्या आईनेही बाळाला वेगळे निजवावे. मिश्री लावणाऱ्या बहिणींनो, तंबाखूतले निकोटीन दुधात उतरते आणि बाळाची झोप मोडते. रात्री तीनदा उठणारे बाळ आणि दातांवर मिश्री, यांचा संबंध आहे.

विटाळ गेला, विश्रांतीही गेली

आता आईकडे येऊ. बाळंतिणीचा विटाळ, सुवेर, पाचवीचे जागरण, हे आपण सोडले ते योग्यच केले. पण बाकी समाजात त्या विटाळापायी का होईना, बाळंतीण सव्वा महिना चुलीपाशी जात नाही. आपण विटाळ टाकला तेव्हा त्याच्यासोबत तिचे ते अंग टाकणेही नकळत टाकून दिले. दहाव्या-बाराव्या दिवशी ती भाकऱ्या थापते आहे आणि सासूबाई अभिमानाने सांगतात, "आमच्यात तसलं काही नसतं." ते नसावेच. पण गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात, टाके भरायला वेळ लागतो, गेलेले रक्त भरायला त्याहून जास्त. हे शरीर कोणत्याही धर्माचे असो, त्याला तेवढे दिवस लागतातच.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, ही त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आज नोंदणीकृत नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. धुण्याभांड्याला जाणाऱ्या, कंत्राटावर झाडू मारणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला व्यवहारात त्यातले फार थोडे येते. मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठीचे ५,००० रुपये आहेत, ते बुडालेल्या मजुरीपोटी, तिने घरी पडून राहावे म्हणून दिलेले आहेत. घरात ते कशावर खर्च होतात ते आपण जाणतो. अर्ज भरला नसेल तर अंगणवाडीत विचारा.

आमच्यातली जी नर्स आहे तिचीच गोष्ट. एका खाजगी रुग्णालयात ती प्रसूती विभागात होती. बाळ दोन महिन्यांचे असताना रात्रपाळीला बोलावले, नाही आलीस तर नोकरी नाही म्हणाले. दिवसा बाळ, रात्री वॉर्ड. एका पहाटे तिने दुसऱ्याच बाईच्या सलाइनमध्ये इंजेक्शन भरायला घेतले. सुई टोचायच्या आधी पलंगाचा नंबर दिसला म्हणून निभावले. त्या बाईला ते कधीच कळले नाही. आमच्या बैठकीत ही गोष्ट तिने दहा वर्षांनी सांगितली. झोप न मिळालेला माणूस आळशी नसतो, त्याचा हात आणि डोके एकमेकांना सोडून चाललेले असतात. तोच हात उकळते पाणी उतरवतो, तोच बाळाला आंघोळ घालतो.

त्या घरात काय केले

विहारातल्या त्या सुनेच्या घरी आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. एक खोली, मोरी आतच. नवरा सुरक्षारक्षक, रात्री आठ ते सकाळी आठ. सासूबाई एका कार्यालयात साफसफाईला, सहाला घर सोडतात, चारला परततात. सासरे महापालिकेतून निवृत्त, दिवसभर घरीच. सासूबाई आधी ताठ होत्या. "आम्ही नाही का पोरं वाढवली? चौथ्या दिवशी धुणं धुतलं मी." आम्ही विचारले, तेव्हा तुम्हाला झोप मिळायची का? थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नाही मिळायची. एकदा कंदील लाथाडला होता मी."

मग त्याच म्हणाल्या, काय करायचं ते सांगा.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चोवीस तासांच्या रेघा ओढल्या. कोण कधी झोपतो ते लिहिले. सासूबाई सहा तास, सासरे आठ आणि दुपारचे दोन, नवरा साडेसहा. सून: एक, पाऊण, दीड, अर्धा. घरात झोप होती, वाटणीच चुकलेली होती.

संध्याकाळी आठ वाजता पाजले की सून झोपणार. जेवण त्याआधी. बाळ सासूबाईंकडे, टीव्ही बंद, भांडी सासरे घासणार. हे शेवटचे कलम लिहिताना खोलीत जरा शांतता झाली, पण सासरे स्वतःच म्हणाले, रस्ते झाडले आयुष्यभर, भांड्यांचं काय. बाळाला भूक लागेपर्यंत, म्हणजे साडेदहापर्यंत, तिला उठवायचे नाही. ही पहिली झोप फार मोलाची. सहा-आठ आठवड्यांनंतर बाळाचीही सर्वात लांब झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागातच येते. आणि आपल्या घरात नेमकी तीच वेळ मालिका बघण्याची, भांडी आवरण्याची आणि मोबाइलची असते. बाळ उठते तेव्हा आई आडवी होते.

साडेदहा ते पहाटे पाच तिचे. त्यात दोन-तीनदा पाजणे, तेही कुशीवर पडून, झिरोच्या दिव्यात, न बोलता. ट्यूबलाइट लावायची नाही, मोबाइल बघायचा नाही, प्रत्येक वेळी लंगोट बदलायचा नाही, शी असेल किंवा ओले झाले असेल तरच. ढेकर काढायची असेल तर उठून नीट बसून, आणि डोळे मिटू लागले तर सासूबाईंना हाक मारायची. हाक मारायला लाजायचे नाही, हे दोघींसमोर सांगितले.

सकाळी साडेआठला नवरा येतो. चहा झाला की बाळ त्याच्या छातीवर, तो खाली कडक सतरंजीवर बसलेला आणि जागा, दहापर्यंत. तेवढा दीड तास सून झोपते. मग तो झोपतो, कारण रात्रपाळी करणाऱ्याच्या झोपेलाही किंमत आहे. तो दुचाकीवर जातो. दुपारी सासरे बाळाला दारातल्या उजेडात, माणसांच्या आवाजात घेऊन बसतात. दिवस उजेडाचा आणि आवाजाचा, रात्र अंधाराची, याने बाळाचे घड्याळ लवकर बसते.

बाळ बघायला येणाऱ्यांचे काय? तिच्या घरी पहिल्या पंधरा दिवसांत चाळीसएक माणसे येऊन गेली होती, प्रत्येकाला चहा तिनेच केला. आता पाहुण्यांची वेळ पाच ते सात, चहा सासरे करतात. आम्ही बैठकीतही ठरवले की बाळंतिणीच्या घरी जाताना डब्यात भाजी घेऊन जायची, बाळ हातात मागायचे नाही, पाऊण तासात उठायचे. नामकरणाचा कार्यक्रम दीड महिन्यानंतर ठेवला तर काही बिघडत नाही. स्पीकर बाळाच्या भिंतीला लावू नये, हे जयंतीच्या मंडळांनाही सांगायचे आहे, रागवू नका.

बाप काय करू शकतो असे तरुण मुले आम्हाला विचारू लागली आहेत, हे फार चांगले झाले. पाजणे सोडून सगळे. उचलून आईजवळ देणे, ढेकर काढणे, लंगोट धुणे, झोपवणे. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे. ज्याला ती नाही त्याने निदान ओव्हरटाइम दोन महिने नाकारून बघावा, शक्य असेल तर. आईचे दूध छान जमले की, साधारण महिन्यानंतर, हाताने काढून स्वच्छ झाकलेल्या भांड्यात ठेवलेले दूध चार तासांच्या आत बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजता येते. बाटली लागत नाही.

झोप असूनही झोप येत नाही तेव्हा

ज्या बाईला बाळ झोपल्यावर, घर शांत असताना, थकलेली असतानाही झोप लागत नाही तिच्याकडे वेगळे लक्ष द्या. पहिल्या आठवड्यात रडू येणे, मन हळवे होणे सर्रास असते, ते दोन आठवड्यांत जाते. दोन आठवड्यांच्या पुढेही उदास वाटते, बाळाबद्दल काही वाटत नाही, मी वाईट आई आहे असे वाटते, मरून जावे असे येते, तर हा आजार आहे, नखरे नाहीत आणि मुलगी झाल्याचे दुःखही नाही. उपचार आहेत, दूध पाजत असतानाही घेता येतात. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. मरणाचा विचार बोलून दाखवला तर तिला एकटे सोडू नका.

क्वचित, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, एखादी बाई दोन-तीन रात्री झोपतच नाही आणि थकतही नाही. भरभर बोलते, संशय घेते, आवाज ऐकू येतात म्हणते, बाळ आपले नाही म्हणते. तिच्या अंगात आलेले नाही, बाहेरचे काही लागलेले नाही. त्याच दिवशी रुग्णालय. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटे ठेवू नका. देवऋषीकडे गेलेला दिवस आम्हाला कोणी परत आणून देऊ शकलेले नाही.

आणि सगळा थकवा झोपेचा नसतो. पायऱ्या चढताना धाप, ओठ पांढरे, चक्कर, तर हिमोग्लोबिन तपासा. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते. ती बहुतेकींच्या घरी फळीवर डब्यामागे पडलेली सापडते. चहा दिवसाला दोन कपांवर ठेवा, आणि गोळीसोबत चहा नको.

बेचाळिसाव्या दिवशी दुपारी दोन वाजता आम्ही त्या घरी वजनकाटा घेऊन गेलो. दार लोटलेले होते. सासरे ओट्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. आम्हाला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि पाच वाजता यायला सांगितले. आम्ही पाचला गेलो. वजन चार किलो शंभर ग्रॅम भरले.